कड्याच्या खाली

"किसन्या, पोर आवर. हिचा हात कड्याच्या वर गेला."

भाऊसाहेब ओरडले नव्हते. शेजारच्याला वेळ विचारावी इतक्या हळू बोलले होते. पण ढोल थांबले. मिरवणूक थांबली. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, भर चौकात, दसऱ्याची तोबा गर्दी, आणि त्या गर्दीच्या मधोमध मी, चौथीतली पोरगी, निशाणाच्या काठीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी. काठी कलली होती. वारा सुटला होता, कापड फुगलं होतं आणि खाली वाकलेल्या माझ्या बापाचा पाय कशावरून तरी घसरला होता. मी बाजूनं चालत होते. धावले, काठी धरली. निशाण पडलं नाही. माझ्यामुळं पडलं नाही.

शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं.

बाबांनी आधी माझे हात सोडवले. मग स्वतःचे दोन्ही कान धरले. भर बाड्यावर, माझ्या वर्गातल्या पोरी बघत असताना, माझ्या बापानं कान धरले आणि म्हणाले, "चूक झाली साहेब. अजाण आहे."

पुजाऱ्यानं गंगाजल शिंपडलं. आधी काठीवर. मग जरा दुरून माझ्यावर, उरलेलं. मिरवणूक पुढं निघाली. शेवटी सोनं वाटताना भाऊसाहेबांनी शमीची पानं बाबांच्या ओंजळीत वरून टाकली, दर वर्षीसारखी, आणि बाबांनी ती कपाळाला लावली. घरी आल्यावर मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "तुझ्यामुळं बेइज्जती झाली आज." जेवले नाहीत. ते जेवले नाहीत म्हणून आई जेवली नाही. मी मात्र जेवले, कारण मला भूक लागली होती, आणि त्या जेवल्याचंही मला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

हे कडं काय ते सांगते.

आम्ही महार. दक्षिणेतून फौजा ग्वाल्हेरला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलो. सरदार आले, भटजी आले, तसे आम्हीही आलो. पण ते "आले" आणि आम्ही "बरोबर आलो", असंच बोलतात इथं. भाऊसाहेबांचं घराणं सरदारांचं. मोठं नव्हे, लहानसंच, पण कंपूत, म्हणजे जुन्या छावणीच्या भागात, त्यांचं स्वतःचं देवस्थान आहे आणि देवस्थानाचं निशाण आहे. दसऱ्याला ते निशाण कंपूतून निघतं, बाड्यावर येतं, इंदरगंजच्या चौकाला वळसा घालून परत जातं. कापड देवाचं, म्हणून ते वर्षभर देवळात. काठी जमिनीला टेकते, म्हणून ती वर्षभर आमच्या घरात. लांबच लांब, जुन्या वेळूची, ओली असल्यासारखी जड. भिंतीत दोन खुंट्या ठोकून आडवी ठेवलेली. आई तिच्यावर कपडे वाळत घालायची नाही. बाबा दर महिन्याला तिला तेल चोळायचे. माझ्या डोक्याला कमी पडलं तरी चालेल, काठीला कमी पडता कामा नये.

आणि काठीवर, बुडापासून कमरेएवढ्या उंचीवर, एक पितळेचं कडं. कड्याच्या वर मानकऱ्याचा हात. कड्याच्या खाली आमचा.

आता उभ्या माणसाला कमरेच्या खाली काठी धरून चालायची म्हटलं तर काय करावं लागेल? वाकावं लागेल. भाऊसाहेब वर नुसता हात लावून ताठ चालायचे आणि त्यांच्या गुडघ्याशी माझा बाप वाकून, बूड उचलून, सगळं वजन पोटाशी घेऊन चालायचा. कंपू ते बाडा, बाडा ते इंदरगंज, तिथून परत. लोक म्हणायचे, काय निशाण पेलतात भाऊसाहेब या वयात! ज्याच्या हाती ससा तो पारधी. हिंदीत लोक म्हणतात, जिसकी लाठी उसकी भैंस. आमच्या घरी लाठी पिढ्यान्पिढ्या होती. म्हैस आम्हाला कुणी दाखवलीसुद्धा नाही.

बाबा याला मान म्हणायचे. बुडाचा मान.

घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. त्याच भिंतीवर, फोटोच्या खाली, ती काठी. दोन्ही एकाच भिंतीवर राहिली इतकी वर्षं. रोज सकाळी बाबा फोटोला हात जोडायचे आणि तेच हात काठीला लावायचे. मला त्यात काही वावगं दिसायचं नाही.

बाबा कंपूतल्या एका दवाखान्यात स्ट्रेचर ओढायचे. मी त्यांचा डबा घेऊन जायची. धावलं तर डाळ सांडायची, आणि उशीर झाला तर डाळ गार व्हायची. म्हणून मी न धावता जितकं भराभर चालता येईल तितकं चालायची. वाटेत मैदान होतं. तिथले एक सर मला रोज बघायचे. एक दिवस म्हणाले, "ए, डबा ठेव खाली आणि असंच चालून दाखव." असा माझा खेळ सुरू झाला. चालण्याची शर्यत. असाही खेळ असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आमच्या वस्तीत अजूनही कुणाला नीट पटलेलं नाही.

या खेळाचे नियम दोनच. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. आणि पुढं टाकलेला पाय गुडघ्यात सरळ पाहिजे. गुडघा वाकला की पंच कार्ड दाखवतो, कार्डं साठली की बाहेर. मी मेळ्याच्या मैदानाला फेऱ्या मारायची तेव्हा पोरं मागून कंबर हलवत चालायची. "मटक मटक के कहाँ चली?" मी ऐकून घ्यायची. सर म्हणायचे, "तू गुडघ्याकडं बघ. बाकी दुनिया गेली खड्ड्यात." मी गुडघ्याकडं बघितलं. जिल्हा झाला, राज्य झालं, खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी लागली, आणि एक दिवस मी परदेशात एका मोठ्या स्पर्धेत चालून तिसरी आले.

आता झेंड्याचं.

समारोपाला देशाचा झेंडा कुणी घ्यायचा हे ठरत होतं. मोठी नावं आधीच विमानानं घरी गेली होती. कुणाच्या जाहिराती होत्या, कुणाची लग्नं होती. आमचे मॅनेजर दिल्लीचे. खेळाडूंच्या वसाहतीत जेवणाच्या टेबलापाशी आले आणि मला म्हणाले, "देखो, जो बचे हैं उनमें मेडल तुम्हारा ही है. झंडा तुम ले लो."

असं मिळालं मला ते. उरलंसुरलं. तरी माझ्या अंगावर काटा आला. आईशपथ आला. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले.

दुसऱ्या दिवशी तालीम होती. रिकामं स्टेडियम, ऊन, आणि सगळ्या देशांचे खेळाडू हातात झेंडे घेऊन हसतखेळत उभे. एका स्वयंसेवक मुलीनं आमचा झेंडा माझ्यापुढं धरला. मी घेतला. आणि सगळे हसायला लागले.

का हसतायत ते मला आधी कळलं नाही. मॅनेजर जवळ आले. "अरे, झुक क्यों गई? ऊपर से पकड़ो."

मी खाली बघितलं. मी गुडघ्यात वाकले होते. दोन्ही हातांनी काठीचं अगदी बूड धरलं होतं, पोटाशी घेतलं होतं, आणि वरची सगळी काठी मोकळी सोडली होती.

दुसऱ्या कुणासाठी तरी.

मी मालकाची वाट बघत होते. देशाचा झेंडा, माझ्या नावानं पुकारलेला, आणि माझं अंग वाट बघत होतं की कुणीतरी येईल आणि वर हात लावेल. मला कुणी शिकवलं नव्हतं हे. बापाला बघून बघून आलं होतं, जसं आईला बघून भाकरी थापणं येतं.

"भारी होगा लगा, सर," मी म्हणाले.

"प्लास्टिक है, बेटा."

खरंच हलका होता. एका हातात राहत होता. इतका हलका की मला फसवल्यासारखं वाटलं. मी हात वर सरकवला. जिथं कडं असायला हवं होतं तिथं गुळगुळीत काठी होती. त्याच्याही वर सरकवला, चोरी करताना सरकवावा तसा. आता कुणीतरी हळूच म्हणेल, हिचा हात वर गेला. कुणी म्हणालं नाही. पलीकडच्या कुठल्याशा देशाचा कुस्तीगीर झेंड्यानं पाठ खाजवत होता.

समारंभात मी ताठ चालले. गुडघा सरळ. टाळ्या, दिवे, कॅमेरे. मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि झालाही, पण त्याच्या खाली सतत एक टोचणी होती, चपलेत खडा असावा तशी. मी कुणाचं तरी काहीतरी घेतलंय. आता कुणालातरी कान धरावे लागणार.

बाहेर आल्यावर घरी फोन लावला. आई नुसती रडत होती. मग बाबा फोनवर आले. सगळी वस्ती आमच्या टीव्हीपुढं बसली होती म्हणाले. आणि लगेच विचारलं, "बूड कुणी धरलं होतं?"

"म्हणजे?"

"झेंड्याचं बूड. टीव्हीवर दिसलं नाही. कॅमेरा वरवरच फिरून राहिला होता."

"कुणी नाही बाबा. मी एकटीच होते. हलका असतो तो."

बाबा हसले. मी लहान असताना काही वेडंवाकडं बोलले की हसायचे तसे. "असं कसं होईल? कुणीतरी असतंच."

ग्वाल्हेरला परतले तेव्हा स्टेशनवर ढोल, हार, उघडी जीप, सगळं झालं. मग दसऱ्याच्या आधी दादासाहेब स्वतः आमच्या घरी आले. दादासाहेब म्हणजे भाऊसाहेबांचे चिरंजीव. इंदरगंजला वकिली करतात. भाऊसाहेब आता फार थकले, म्हणून देवस्थानाचं हेच बघतात. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच आलं होतं. आईला पदर कुठं घेऊ आणि खुर्ची कुठं ठेवू असं झालं. दादासाहेबांनी पेढे आणले होते, ते त्यांनी आईच्या हातात दिले. टाकले नाहीत, दिले. मी ते बघितलं आणि खूश झाले. एवढ्यावर खूश झाले मी.

"अगं, तू तर ग्वालियरचं नाव रोशन केलंस," दादासाहेब म्हणाले. "आणि चालणं तर तुमच्या खूनमध्येच आहे. पुश्तैनी आहे. किती पिढ्या आमच्या निशाणाखाली चालल्या तुमच्या!"

बाबा कौतुकानं मान हलवत होते. मीही हसले.

"तर मी आणि भाऊसाहेबांनी ठरवलं की या साली निशाणाला वरचा हात तुझा. कड्याच्या वर. जमाना बदल गया है, बेटा. आपणपण बदलायला पाहिजे ना."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठून काठीपाशी गेले आणि तिच्यावरून हात फिरवला. मी विचारलं, "आणि खाली कोण?"

"किसनकाका आहेत ना. बाप-बेटी! फोटो बढिया येईल."

बाबांचे गुडघे गेले होते. जिना चढताना कण्हायचे. मी म्हणाले, "बाबांना नाही जमणार आता. दुसरं कुणीतरी बघा." तर बाबाच माझ्यावर उखडले. "का नाही जमणार? माझा मान आहे तो. मी मेलोय का?"

मी हो म्हणाले. माझ्या गळ्याला कुणी सुरी लावली नव्हती. मला वर हात लावायचा होता. चौथीत असल्यापासून लावायचा होता. तो हात मला तिथंच, त्याच बाड्यावर, त्याच लोकांपुढं लावायचा होता. बाबा खाली असणार हे मला कळत होतं आणि मी ते न कळल्यासारखं केलं.

दसऱ्याला सकाळी देवळाच्या पायरीपाशी पुजाऱ्यानं नेहमीसारखं काठीवर गंगाजल शिंपडलं, कापड बांधलं. मग पळी घेऊन माझ्याकडं आला. "हातावर घे बेटा. सगळ्यांनाच देतो." मी आजूबाजूला बघितलं. दादासाहेबांना दिलं नव्हतं. त्यांच्या मुलांना, भाच्यांना, कुणालाच दिलं नव्हतं. एकटी माझीच ओंजळ त्याला पाहिजे होती.

मी ओंजळ पुढं केली.

 मेडल गळ्यात असलेली, झेंडा घेऊन जगापुढं चाललेली मी, मी ओंजळ पुढं केली आणि धुऊन घेतले हात. वर "थँक्यू" म्हणाले.

मिरवणूक निघाली. वरती मी, माझ्या शेजारी दादासाहेब, मागून उघड्या गाडीत भाऊसाहेब. खाली बाबा. पांढरा सदरा, इस्त्रीचा. काठी आपोआप चालल्यासारखी चालत होती, मला काही करावंच लागत नव्हतं. वरचा हात असा असतो तर. काहीच जड नसतं. गच्चीगच्चीतून बाया हात हलवत होत्या. पोरं माझं नाव घेत होती. मी हसत होते, हात हलवत होते, आणि खरं सांगते, बाड्यापर्यंत मी एकदाही खाली बघितलं नाही. मला आवडत होतं ते. फार आवडत होतं.

बाड्यावर फोटोसाठी थांबलो. कॅमेरेवाले पुढं आले. त्यातला एक तरुण पोरगा, गळ्यात दोन कॅमेरे, वाकून बघितल्यासारखं करून बाबांना म्हणाला, "अंकल, थोड़ा और नीचे. आपका सिर फ्रेम में आ रहा है."

बाबा म्हणाले, "हो हो, घेऊन घ्या फोटो."

आणि आणखी खाली गेले. गेलेल्या गुडघ्यांवर आणखी वाकता येईना, म्हणून त्यांनी एक गुडघा रस्त्यावर टेकला. बूड तसंच पोटाशी. मान खाली घातली, डोकं दिसू नये म्हणून.

तेव्हा मी खाली बघितलं.

मला बापाची पाठ दिसली. सदरा घामानं चिकटलेला. पाठीचे मणके मोजून घ्यावेत असे वर आलेले. ही पाठ भाऊसाहेबांना दर दसऱ्याला अशीच दिसली असणार, वरून. मला ती पहिल्यांदाच दिसत होती, कारण मी आजवर कधी वर उभी नव्हते. आणि फोनवर विचारलेला तो प्रश्न आठवला. बूड कुणी धरलं होतं? मी म्हणाले होते, कुणी नाही. किती सहज म्हणाले होते. याच माणसानं धरलं होतं. दवाखान्यात दिवसभर लोकांचे देह ओढून, माझ्या बुटांसाठी स्वतः फाटकी चप्पल घालून, यानंच धरलं होतं. टीव्हीत दिसला नाही इतकंच. फ्रेमच्या बाहेर वाकून बसला होता.

"बाबा, उठा."

"थांब ना. फोटो घेऊन राहिलेत."

"उठा म्हणते ना!"

मी काठीवरचा हात सोडला आणि बुडाशी गेले. बाबांच्या हातांतून काठी काढून घेतली. अंग विसरलं नव्हतं काही, वजन बरोबर पोटाशी आलं. पण मी ती उभी ठेवली नाही. आडवी केली. कापड रस्त्याला लागणार म्हणून पुजारी धावत आला आणि त्यानं ते दोन्ही हातांत झेललं.

"सोडा गाठी," मी त्याला म्हणाले. तो दादासाहेबांकडं बघायला लागला. "सोडा. नाहीतर मी सोडते. माझे हात सकाळी तुम्हीच धुतलेत."

त्यानं सोडल्या. दादासाहेब चेहऱ्यावर हसू ठेवून माझ्या कानाशी आले. "बेटा, सब देख रहे हैं."

"म्हणूनच आत्ता. कापड तुमचं, तुम्ही घ्या. काठी आमच्या घरची आहे."

गाडीतून आवाज आला. म्हातारा, पण तोच. शेजारच्याला वेळ विचारावी तसा.

"किसन्या, पोर आवर."

बाबा जेमतेम उठून उभे राहिले होते. ते ऐकलं आणि त्यांचे दोन्ही हात वर निघाले. कानांकडं. त्यांना कळलंसुद्धा नसेल, हात आपले आपणच निघाले. मी काठी खांद्यावर टाकली आणि मोकळ्या हातानं त्यांचं एक मनगट पकडलं. दुसरा हात कानापर्यंत पोचला होता. तोही खाली ओढला.

"चूक झाली नाही," मी भाऊसाहेबांना म्हणाले. "तेव्हाही झाली नव्हती."

आम्ही दोघं बाड्यावरून कंपूकडं चालत निघालो. मी पुढं, खांद्यावर उघडी काठी. बाबा मागून. लोक बाजूला होत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तुम्हाला वाटेल, घरी गेल्यावर बाबांनी मला पोटाशी धरलं. नाही. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "तुला मेडल आहे. झेंडा आहे. मला काय होतं? एक मान होता वर्षातून. तोपण तू घेऊन घेतलास."

 त्या माणसाकडं खरंच दुसरं काही नव्हतं. जे होतं ते अपमानाचं होतं, पण त्यानं ते जन्मभर तेल चोळून चमकवलं होतं. मी ते चारचौघांत त्याच्या हातून हिसकावलं. त्याला न विचारता. वस्तीतलेही म्हणाले, बाप म्हातारा झाला तर पोरीनं भर बाड्यावर त्याची इज्जत काढली. ज्या हातात तिरंगा होता त्याच हातानं देवाचं निशाण उतरवलं, असंही कुणी कुणी म्हणालं. कुणी मोबाइलवर चित्रण केलं होतं, ते अजून फिरतंय. त्यात माझा चेहरा दिसतो. बाबांचे कानाकडं निघालेले हात दिसतात. ते हात बघितले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. मला अपराधी वाटतं, रोज वाटतं, सकाळी मैदानात गुडघा सरळ टाकताना सगळ्यात जास्त वाटतं.

काठी पुन्हा भिंतीवर आहे. बाबा आता तिला तेल चोळत नाहीत. कडं मी काढलं. घट्ट बसलं होतं, कानस घेऊन घासावं लागलं. त्याच्या जागी वेळूला एक फिकट पट्टा राहिला आहे.

यंदाचा दसरा जवळ आलाय. गेल्या आठवड्यात दादासाहेबांचा माणूस दारात येऊन गेला. देवस्थानानं नवी काठी आणली म्हणे, ॲल्युमिनियमची. अगदी हलकी, एका हातात राहते. दादासाहेबांनी मागचं मनात ठेवलेलं नाही. किसनकाकांनी यावं.

"हलकी आहे तर काकांचं काय काम?" मी विचारलं.

"वजन काही नाही हो ताई. नुसतं खाली वाकून चालायचं. रिवाज आहे ना."

म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हताच कधी. जड होतं म्हणून आम्ही वाकलो असं मला इतकी वर्षं वाटत होतं. कापसाची काठी आणली तरी त्यांना खाली एक पाठ लागणार आहे.

बाबा आत ऐकत होते.  काल त्यांनी पांढरा सदरा ट्रंकेतून काढला आणि आईला इस्त्री करायला सांगितली.

मी त्यांना अडवणार नाही. कोंडून ठेवणार नाही, हातापाया पडणार नाही, पुन्हा काही हिसकावणारही नाही. त्यांना जायचं असेल तर जातील. मीही जाणार आहे. बाड्यावर, सगळ्यांच्या पुढं उभी राहणार आहे. निशाण आलं की खाली जो कुणी वाकला असेल, माझा बाप असो की दुसऱ्या कुणाचा, त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं करणार आहे. तो मला शिव्या देईल. देऊ दे. परत वाकला तर परत उभं करीन. पुढच्या वर्षी दुसरा आणला तर दुसऱ्याला करीन. अपराधी वाटेल, ते वाटत असतानाच करीन.

कुणीतरी असतंच, असं बाबा म्हणतात.

यंदा कुणी नसेल.